धरून ठेवलेली जागा

सहदेव घाडी हा आमच्या क्लासचा शिपाई होता असं म्हटलं की लोक पुढचं ऐकायचं सोडतात. शिपायाबद्दल काय ऐकायचं? त्यापेक्षा भिंतीवरच्या फोटोंबद्दल विचारतात. फोटो यशस्वी मुलांचे आहेत, आणि सगळ्यांचे डोळे एकसारखे दिसतात, म्हणजे चष्म्याच्या काचेत ट्यूबलाइट.

क्लास मुलुंड पूर्वेला आहे. हुशार मुलांचा. नुसत्या हुशार नव्हे, चाचणी घेऊन ज्यांची हुशारी सिद्ध झाली आहे अशा मुलांचा. दर रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, गणित आणि विज्ञान. मी तिथे गणित शिकवतो. मी बार्शीचा. आमच्या शाळेत हुशार मुलगा एकच असायचा आणि माझ्या दुर्दैवाने तो मी होतो. पीटीच्या तासाला मला मुख्याध्यापकांच्या खोलीत नकाशे गुंडाळायला बसवायचे, कारण पडलो-झडलो तर शाळेचा नंबर कसा यायचा? त्यामुळे आजही मला सगळ्या खंडांच्या नद्या पाठ आहेत आणि चेंडू अंगावर आला की मी डोळे मिटतो.

सहदेवमामा माझ्या उलट. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळा, समोरचे दोन दात नाहीत. ते तरुणपणी खो-खोच्या खांबाला दिले, असं तो सांगतो, देवाला दिल्यासारखं. वडील परळच्या गिरणीत होते. संपानंतर घर भांडुपच्या डोंगरावर गेलं, तेव्हापासून तिथेच. मूळ गाव कणकवलीजवळ. घाडी म्हणजे गावचं गाऱ्हाणं घालणाऱ्यांचं घराणं. देवापुढे उभं राहून गावाच्या वतीने बोलायचं, प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मुंबईत येऊन मामाकडे गावही उरलं नव्हतं आणि देऊळही. म्हणून त्याने आमची मुलं धरली.

क्लासच्या मागे एक प्लॉट आहे. दोन सोसायट्यांची त्यावरून कोर्टात जुंपलीय, म्हणून तो मोकळा राहिलाय. मुंबईत मोकळी जागा भांडणातूनच उरते. मामाने कुठल्यातरी मंडपाचे दोन खांब आणून तिथे रोवले होते आणि रविवारी बारा ते दीड, जेवणाच्या सुट्टीत, मुलांना मागच्या जिन्याने खाली न्यायचा. आमचे मालक चंद्रप्रकाश सर म्हणायचे, “खेळ चांगलाच. दहावीनंतर.” पण पालकांना द्यायच्या पत्रकात ‘सर्वांगीण विकास’ असं छापलेलं होतं, आणि सर्वांगांपैकी डोक्याव्यतिरिक्त कोणाची तरी सोय दाखवायला हवी होती. म्हणून चालू दिलं.

हुशार मुलांना खेळायला लावणं किती अवघड, ते शिकवणाऱ्यालाच कळतं. त्यांना हरायची सवय नसते. मामाने पहिले तीन रविवार कोणालाच पळू दिलं नव्हतं. नुसतं पडायला शिकवलं.

“पडा,” तो म्हणायचा. “कुशीवर पडा. हात आधी टेकायचा नाय. दिशा, तू बसतेस, पडत नाहीस. परत.”

मुलं मातीत पडायची, उठायची, शर्ट झटकायची. आईबापांनी तेरा वर्षं ज्या गोष्टीपासून जपलं, ती मामा फुकट शिकवत होता.

गंधाली पडलीच नाही. आठवीतली, सगळ्यांत हुशार. जिना उतरतानाही एक हात भिंतीला. ती वही आणि स्टॉपवॉच घेऊन खांबापाशी बसली. हे नंतर ऐकलं तेव्हा मला ते गुंडाळलेले नकाशे दिसले. मामाने तिला तीन रविवार तसंच बसू दिलं. चौथ्या रविवारी फक्त म्हणाला, “वही घामाने भिजत नाय, तोपर्यंत लिही.”

सहाव्या रविवारी ती उठली आणि पळाली. चार सेकंदांत बाद झाली. तशीच मामाकडे गेली आणि विचारलं, “रिचेकिंग असतं का?”

“असतं,” मामा म्हणाला. “पुढच्या रविवारी.”

मी क्लासला लागलो तेव्हा हे सगळं सुरू होऊन गेलेलं होतं. पहिल्याच रविवारी कुतूहलाने खाली गेलो. भर बाराची वेळ. तीन बाजूंनी उंच इमारती, मध्ये तो लाल मातीचा तुकडा. वर शेकडो खिडक्या, पण एकही आवाज नाही. कावळेसुद्धा गप्प. मामाने मुलांना गोल उभं केलं आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या जागेच्या राखणदारा.”

“व्हय म्हाराजा,” मुलं म्हणाली. त्यांत गुजराती होती, तमिळ होती, सगळ्यांचा ‘म्हाराजा’ मात्र अस्सल मालवणी.

“आज तुजी लेकरां तुज्या अंगाखांद्यावर खेळतत. कोणाचो पाय मुरगळूक देव नको.”

“व्हय म्हाराजा.”

मग त्याने एकेकाचं नाव घेतलं. सिद्धेश, दिशा, नितेश, गंधाली, करत अकरा नावं. प्रत्येकावर ‘व्हय म्हाराजा’. शेवटी म्हणाला, “आणि निहार. तेची जागा धरून ठेवलंय म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

मी मोजली. मुलं अकराच होती.

खो-खोत आठ जण ओळीने चौकात बसतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. नववा पाठलाग करतो. तो थकला किंवा अडला की बसलेल्याच्या पाठीला मागून हात लावून ‘खो’ म्हणतो, तो उठून धावतो, आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. एवढा खेळ. आमच्याकडे मामाने सातच बसवले होते. पाचवा चौक रिकामा.

“मी बसू का?” मी उगाच विचारलं. आत डोळे मिटायची तयारी होतीच.

“नको सर, ती निहारची जागा,” नितेश म्हणाला.

“निहार कोण?”

“माहीत नाही. तो आधीपासून आहे.”

“आज आला नाही?”

नितेशने खांदे उडवले. “आहे ना.”

खेळ सुरू झाला. सिद्धेश पाठलागावर होता, दिशा पळत होती. ती ओळीच्या पलीकडे गेली, सिद्धेश अडला, आणि त्याने रिकाम्या पाचव्या चौकात हवेला हात लावून ‘खो’ म्हटलं आणि स्वतः तिथे बसला. आता मैदानात पाठलाग करणारं कोणीच उभं नव्हतं. मला वाटलं, फाउल, मामा शिट्टी मारेल. मामाने मारली नाही. आणि दिशा पळतच राहिली. नुसती पळाली नाही. मागे बघत पळाली, हुलकावणी दिली, खांबाला वळसा घातला, अंग चोरलं. मग दुसऱ्या चौकात बसलेला नितेश दचकून उठला आणि धावत सुटला. आता त्याचा चौक रिकामा होता.

हुशार पोरांचं नाटक, मी स्वतःला म्हटलं. चेष्टा करायला नवीन मास्तर मिळालाय. मीही बार्शीत मास्तरांची कमी केलेली नाही.

सुट्टी संपताना नितेश माझ्या पुढून जिना चढत होता. त्याच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, घामाचा एक डाग होता. बाकी शर्ट कोरडा. डागाला पाच बोटं होती. मी सहज माझा हात जवळ नेला. तो पंजा माझ्यापेक्षा मोठा होता. पहिल्या मजल्यावर पोचेपर्यंत तो वाळून गेला.

पुढच्या आठवड्यात गंधालीने मला वही दाखवली. ती आता खेळायची, पण नोंदी सुटल्या नव्हत्या.

“सर, हे बघा. अकरा रविवार. रिकाम्या चौकाला अडतीस वेळा खो दिला गेला. त्यानंतर दुसऱ्या कोणाला तरी खो मिळेपर्यंत किती सेकंद गेले, तो हा रकाना.”

“आणि खो देतो कोण?”

“तेच लिहिलंय. ‘नि.’” ती अगदी शांतपणे म्हणाली. “आम्ही सगळे फाउल करतो सर. रेघ ओलांडतो, उलटं वळतो. अडतीस वेळांत त्याचा एकही फाउल नाही. आणि हे बघा, सेकंद कमी होत चाललेत. तो सुधारतोय.”

“तुला भीती नाही वाटत?”

तिने थोडा विचार केला. “वाटते. पण मी त्याच्याकडून वळणं शिकतेय. खांबापाशी तो आतल्या पायावर वळतो. दिसत नाही, पण दिशा कुठे बघते त्यावरून काढता येतं.”

सिद्धेश तिच्या मागे उभा राहून ऐकत होता. “भुताचा हात थंड असतो ना सर? हा घामट लागतो. यार, एकदम बसमधल्या माणसासारखा.”

मी वही घेऊन मामाकडे गेलो. तो पँट्रीत चहा गाळत होता. त्याने वही लांब धरून बघितली, पानं उलटली, शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. चहा तसाच राहिला.

“सुधारता हा,” तो म्हणाला. मामा एरवी मुंबईचं मराठी बोलायचा. आतून काही हललं की मालवणीवर जायचा. “वाईट झाला, मास्तर.”

“हा निहार कधी गेला?”

“गेलो खंय? मेलो नाय हा तो. मेल्यालो असतो तर बरा होता असा म्हणूक नये, पण मेल्याक वाट दाखवूक येता. जित्याक कोण दाखवतलो?”

मग त्याने सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी निहार क्लासला होता. तेरा वर्षांचा, गंधालीइतकाच हुशार. राहायला प्लॉटला लागून असलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. दोन रविवार खेळला आणि वेडा झाला त्या खेळाने. मग मोठ्या परीक्षेचं वर्ष आलं. त्याचे वडील आणि चंद्रप्रकाश सर यांनी ठरवलं, खेळ बंद. जेवणाच्या सुट्टीत त्याने घरी जायचं, तिथेच बसून एक सराव पेपर सोडवायचा. प्लॉटवर यायची वाट एकच, क्लासचा मागचा जिना; मुलं उतरली की त्याच्या दाराला कडी घालायचं काम मामाकडे आलं, आणि त्याने घातली.

“पोरगा खिडकीत उभा राहायचा. खाली आमचा खेळ. त्याचं तोंड बघवंना, मास्तर. म्हणून मी ओरडून सांगितलं, निहार, घाबरू नको, तुझी जागा धरून ठेवलीय. आणि गाऱ्हाण्यात घातली. राखणदाराक सांगितलंय, पाचवो चौक तेचो, दुसऱ्या कोणाक बसूक देव नको.”

“त्यात काय वाईट?”

“माझ्या बापाने माका दोनच गोष्टी शिकवलेल्या. गाऱ्हाण्यात कोणाचा वाईट मागूचा नाय. आणि जो हजर नाय तेची जागा धरूची नाय. माणूस जावक व्हयो तर अख्खो जावक व्हयो. जागा धरलीस की अर्धो थंयच रवता, तिथेच राहून जातो.” त्याने कप उचलला आणि परत ठेवला. “मी शहरात वाढलंय. म्हटलं, पोराला बरं वाटेल. बसमध्ये रुमाल टाकतात, तशी धरली.”

निहार परीक्षा पास झाला. भिंतीवर त्याचा फोटो आहे, वरून दुसऱ्या ओळीत. पुढे मोठ्या संस्थेत गेला. तिसऱ्या वर्षी अर्धवट सोडून परत आला. तेव्हापासून घरातून बाहेर पडलेला नाही. त्याच खिडकीत बसतो.

“मग सोडवा ना जागा. उलटं गाऱ्हाणं घाला.”

“ज्याची आहे त्याने स्वतः येऊन तिथनं उठायला पाहिजे. मी चारदा वर गेलो बोलवायला.” मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. “तुम्ही जाऊन या. रविवारी, साडेबाराला. मग मला शहाणपण शिकवा.”

मी गेलो. चौथ्या मजल्यावर निहारच्या आईने दार उघडलं. मी क्लासमधून आलो म्हटल्यावर ती बाजूला झाली. आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्ची होती आणि खुर्चीत बावीस वर्षांचा एक उंच मुलगा, दाढी वाढलेली, बसलेला. खालून सिद्धेशचा ‘खो’ ऐकू आला. निहारच्या मांड्या ताणल्या. पाय फरशीवर भराभर पडायला लागले, बसल्या बसल्या. डोळे उघडे, पण माझ्यावर नाही, कशावरच नाही. श्वास धापेचा. सहा-सात सेकंद. मग उजवा हात पुढे झाला, हवेत टेकला, आणि खाली कोणीतरी धावत सुटल्याचा आवाज आला. निहार सैल पडला. शर्ट अंगाला चिकटला होता. पंखा फुल होता.

“दोन वर्षं उंबरा ओलांडलेला नाही,” त्याची आई दारातून म्हणाली. “तळपाय बघा त्याचे.”

टाचांना घट्टे होते. जाड, पिवळे, रोज अनवाणी धावणाऱ्याचे असतात तसे.

“निहार,” मी म्हटलं, “खाली येतोस का? मामा बोलावतोय.”

त्याने माझ्याकडे बघितलं आणि अगदी नम्रपणे, तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाजात नव्हे, पण तशा सुरात म्हणाला, “हो सर. पेपर झाला की येतो.”

टेबलावर कुठलाही पेपर नव्हता.

त्यानंतर मी मामाला शहाणपण शिकवायला गेलो नाही. रविवारी बाराला खाली जाऊन बसायला लागलो, एवढंच. गंधाली बघता बघता तयार झाली. पडायची, गुडघे फोडायची, धूळ खाऊन उठायची. भिंतीचा हात सुटला. वर्गातही काहीतरी सुटलं होतं. उत्तर चुकलं की पूर्वी तिचे डोळे भरायचे, आता ‘परत’ म्हणायची आणि पुढचा कागद घ्यायची. शिकवणाऱ्याला याहून काय हवं?

आणि मग मोठ्या परीक्षेच्या पहिल्या फेरीचा निकाल आला. गंधाली देशपातळीच्या फेरीसाठी निवडली गेली. सगळ्या मुंबईतून थोडी मुलं, त्यांत आमच्या क्लासचं एकच नाव. चंद्रप्रकाश सरांनी पेढे वाटले आणि त्याच दुपारी मामाला केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो, गंधालीची आई शुभाताईही होत्या.

“चार महिने,” सर म्हणाले. “रविवारी सुट्टीत तिला दुसऱ्या मजल्यावरची छोटी खोली. एक सराव पेपर. खाली जायचं नाही. सहदेव, मागच्या दाराला कडी.”

मामाने मान खाली घातली. शुभाताई वाईट बाई नव्हत्या. त्या एका लॅबमध्ये काम करायच्या, मुलीच्या फुटलेल्या गुडघ्यांना त्यांनीच हसत औषध लावलं होतं. त्या मामाजवळ आल्या आणि मऊपणे म्हणाल्या, “मामा, तिला फार आवडतं हो. हिरमुसलीय. चारच महिने. तोवर तिची जागा तेवढी धरून ठेवा.”

मामा मागे सरकला. खरंच एक पाऊल मागे सरकला, पाठ कपाटाला लागली.

“नाय वहिनी. ता नको.”

“अहो, नुसतं म्हणायला—”

“तुम्ही तिला नेताय तर अख्खी न्या. जागा मी धरणार नाय. मी एकदा धरली.” आणि त्याने केबिनमध्ये, मालकासमोर, सगळं सांगून टाकलं. निहारचं, खिडकीचं, घामाच्या हाताचं.

सर हसले. शुभाताई हसल्या नाहीत, पण रागावल्या. “मामा, मी लॅबमध्ये काम करते. मला असलं काही सांगू नका. आणि माझ्या मुलीच्या बाबतीत तर नकोच.”

बाहेर व्हरांड्यात गंधाली उभी होती. ती एवढंच म्हणाली, “मामा, माझा तिसरा चौक कोणाला देऊ नका हां.”

मामा तिला वळसा घालून जिन्याकडे गेला. मला जिन्यात म्हणाला, “ऐकलात? चेडवान, ह्या पोरीन स्वतःच जागा धरली.” मी त्याला इतका म्हातारा कधी बघितला नव्हता.

तो रविवार आला. बाराला मुलं खाली उतरली. मी शेवटी होतो. जिन्याच्या दारापाशी मामा कडीवर हात ठेवून उभा होता. नऊ वर्षांपूर्वी इथेच उभा राहिला असेल. त्याने हात काढला आणि दार नुसतं लोटलं.

“मामा, नोकरी जाईल,” मी म्हटलं.

“जाऊ दे. आधी खाली चला, तुमचं काम आहे.”

गोल उभे राहिलो. दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या खोलीच्या खिडकीत गंधाली होती. चौथ्या मजल्यावर पलीकडच्या इमारतीत दुसरी खिडकी. मधे ऊन. मामाने गाऱ्हाणं घातलं, आवाज मुद्दाम चढवून.

“बा देवा म्हाराजा, गंधालीची जागा आज मोकळी केलंय.”

मुलं गप्प राहिली.

“म्हणा,” मामा म्हणाला.

“व्हय म्हाराजा,” कसंबसं आलं.

“ती वर आसा. अख्खी वर आसा. तिचा हय काय एक नाय. तिसरो चौक मास्तराक दिलंय.”

“व्हय म्हाराजा.”

वर खिडकीत गंधालीचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, किती निर्दय म्हातारा. मग त्याने माझं मनगट धरलं आणि मला तिसऱ्या चौकात बसवलं. एकतीस वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदा मैदानात बसलो होतो. माती तापलेली होती. माझं तोंड क्लासच्या इमारतीकडे, त्यामुळे ती खिडकी समोर.

खेळ सुरू झाला. माझ्या मागून पावलं गेली, आली. नितेशने रिकाम्या पाचव्या चौकाला खो दिल्याचं कोणी ओरडलं, आणि मागची पावलं थांबली. दिशा पळत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. तिच्या मागे आणखी एक श्वास होता. जड, मोठ्या माणसाचा. तो जवळ आला. मी डोळे मिटले, सवयीने.

पाठीला हात लागला. ओला आणि गरम. आवाज नाही, नुसता हात.

मी डोळे उघडले आणि त्याच क्षणी समोर वर खिडकीत गंधाली पुढे झुकली. खो मिळालेला माणूस उठताना झुकतो तशी, एक पाय मागे, खांदा पुढे. तिला कळलंही नसेल. तिचे डोळे उघडे होते आणि कशावरच नव्हते. ते डोळे मी चौथ्या मजल्यावर बघितले होते.

मामानेही बघितलं. तो मैदानाच्या मध्यात जाऊन उभा राहिला आणि मुंबईभर ऐकू जाईल असा ओरडला, “गंधाली. तो खो तुझा नाय. मास्तरचा आहे. तुझी जागा गेली. पाहिजे तर पायाने चालत ये आणि हिसकावून घे. खिडकीतून काय नाय मिळणार.”

मी उठून धावलो. धावलो म्हणजे, बार्शीचे नकाशे जसे घरंगळतील तसा घरंगळलो. दिशा माझ्यासमोर चालत होती तरी मला सापडेना. सिद्धेश बसल्या जागी हसत होता, “सर, ब्रेक सोडा.” एका वळणाला मी तोंडावर आपटलो. हात आधी टेकले. चूक, हे पडल्यावर आठवलं.

उठून वर बघितलं तर खिडकी रिकामी होती.

मामा वर बघत नव्हता. तो जिन्याच्या दाराकडे बघत होता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मिनिट गेलं. मुलंही थांबली. खिडकी रिकामी असणं म्हणजे ती उठली असेल, किंवा खुर्चीत परत बसली असेल आणि पाय फरशीवर पडत असतील. खालून कसं कळणार?

दार ढकललं गेलं. गंधाली अनवाणी बाहेर आली. जिना धावत उतरली होती, छाती भात्यासारखी चाललेली. ती सरळ माझ्याकडे आली आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली.

“खो. बाजूला व्हा सर, वाट लावलीत तुम्ही.”

“पेपर?” माझ्या तोंडून गेलं.

“थोडा झालाय. उरलेला दीडनंतर.”

बाहेरून येऊन कोणी खो देऊ शकत नाही, हा फाउल शेंबड्या पोरालाही कळेल. मामाची शिट्टी गळ्यात होती. त्याने ती मुठीत घट्ट धरून ठेवली आणि वाजवली नाही. गंधाली दिशामागे सुटली, खांबापाशी आतल्या पायावर वळली, आणि दिशा बाद झाली. गंधालीला ओरडायचंही भान नव्हतं. गुडघा फुटला होता, रक्त येत होतं. ते रक्त बघून मामा खाली बसला, दोन्ही हात मातीला टेकून.

मग शुभाताई गंधालीचा डबा घेऊन दारात आल्या. मला वाटलं, आता मामाचा उद्धार होणार. पण त्या दारातच थांबल्या. पदर मुठीत होता. त्या आधी मैदानात धावणाऱ्या मुलीकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे वळल्या.

“सर, ही आत्ताच खाली आली ना?”

“आत्ताच.”

“मी वरून आले. खोलीत बघून आले.” त्यांनी जिन्याकडे बोट केलं. “खुर्ची रिकामी आहे. टेबलाखालीसुद्धा बघितलं.”

“व्हय,” मामा जमिनीवरून म्हणाला. “म्हणजे अख्खी इली.”

डाव बदलला, आता गंधाली पळणाऱ्यांत होती. शुभाताई हळूच मैदानाच्या कडेला आल्या. गंधालीने पळता पळता आईकडे बघितलं, थांबली. आईने हाताने खूण केली, चालू दे. मग त्यांनी वर बघितलं. चौथ्या मजल्यावर पडदा बाजूला होता आणि खिडकीत एक दाढीवाला मुलगा बसलेला होता. त्याचे खांदे हलत होते, लयीत. मैदानात पाठलागावर त्या वेळी कोणीच उभं नव्हतं, आणि गंधाली जीव तोडून पळत होती.

“मामा, हे कधी संपतं?” शुभाताईंनी विचारलं.

“दीड वाजता.”

त्या पायरीवर बसल्या. त्या खिडकीकडे पाठ करून, मुलीचा डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून.